तुरेवाल्यावरची गळती

सातारा, २६ मार्च १९४३

आज हे दोन्ही हातांनी एक काचेची पेटी छातीशी धरून घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "शरयू, घाबरू नकोस." त्याबरोबर मी घाबरले. यांनी असं म्हटल्यावर पुढे कधी चांगलं निघालेलं नाही.

पेटीत पाणी, आणि पाण्यात वीतभर लांबीची पांढरीफटक पाल. चार पाय, शेपटी, सगळं पालीचंच. फक्त मानेच्या दोन्ही बाजूंना गुलाबी तुरे, आणि तोंड असं की आपल्याकडे बघून हसतंय. पालीला मी किती भिते ते आमच्या अख्ख्या शनिवार पेठेला ठाऊक आहे. मी चुलीशी पळाले ती जेवणाची पानं घ्यायची वेळ झाली तेव्हाच बाहेर आले.

यांनी त्याचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, ते मला लिहिता येत नाही. मेक्सिको नावाच्या देशातला जीव आहे. जन्मभर पाण्यातच राहतो, आणि पोरच राहतो, मोठा होत नाही. मी म्हटलं, असे पुष्कळ पाहिलेत. हे हसले. शाळेत शास्त्र शिकवतात, त्यामुळे असल्या प्राण्यांचं यांना भारी कौतुक.

तो आहे त्या नजरकैदेतल्या मडमबाईंचा. लढाईमुळे सरकारने परक्या मुलखातली काही माणसं इथे आणून ठेवली आहेत, त्यांतल्या या बाईंकडे हे पुस्तकं वाचायला जायचे. त्यांना आता दुसरीकडे हलवताहेत आणि जनावर बरोबर न्यायला मनाई आहे. बोटीवर सगळा वेळ मांडीवर घेऊन त्यांनी याला आणलं म्हणे. मागे राहिलेल्या नवऱ्याचा, बहिणीचा ठावठिकाणा नाही. "माझ्या घरातलं एवढंच उरलंय," असं म्हणाल्या. यांनी वचन दिलं की लढाई संपेपर्यंत मी सांभाळीन.

बाईंनी एकच बजावलं आहे. पाणी गार पाहिजे. पाणी तापलं की हा जीव मरतो. आणि आम्ही चाललो आहोत सांगलीच्या नव्या शाळेत, ऐन उन्हाळ्यात! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

सांगली, १ एप्रिल

पोहोचलो. गाडीत त्याला चिनी मातीच्या लोणच्याच्या बरणीत ठेवलं होतं, तोंडाला ओला पंचा बांधून. समोर रजेवर आलेला एक कुंडलचा शिपाई बसला होता. त्याची नजर बरणीवरून हलेना. शेवटी म्हणाला, "वैनी, कैरीचं हाय व्हय? मेसमधी लोनचं मिळतंय, पर त्येला काय चव न्हाई बगा." यांनी पंचा सोडून दाखवलं. उतरेपर्यंत तो शिपाई पाय वर घेऊन बसला. लढाईवर जाऊन आलेला माणूस! मला जरा बरं वाटलं, मी एकटीच भित्री नाही.

७ एप्रिल

काय हे ऊन. गावभागातल्या या दोन खोल्या दुपारी भट्टीसारख्या तापतात. यांनी पाण्यातली पाऱ्याची नळी पेटीत टांगली आहे आणि तिला लाल दोरा बांधला आहे. पारा दोऱ्याच्या वर जाता कामा नये. तो रोज दुपारी जातो. तुरेवाला (मी त्याला हेच म्हणते) मग तोंड वर काढून हवा गिळतो आणि यांचा जीव खालीवर होतो. ओली फडकी गुंडाळून पाहिली, वाळ्याचा पडदा लावला, पेटी मोरीत ठेवली. बर्फ आमच्या पगारात बसत नाही, आणि मिळतो तोही लष्कराच्या इस्पितळांकडे जातो.

आज संध्याकाळी घाटावरच्या महादेवाला गेले होते. चैत्र लागला म्हणून पिंडीवर गळती टांगली आहे. पिंडीला हात लावला तर बाहेर एवढा उकाडा असून ती गारेगार. मला एकदम सुचलं. घरी येऊन मातीचं मडकं घेतलं, बुडाला भोक पाडलं, त्यात चिंधीची वात ओवली आणि आढ्याला पेटीच्या वर टांगलं. मडकं पाझरतं, त्यातलं पाणी गार होतं, आणि थेंब थेंब पेटीत पडतं. सकाळी तितकंच पाणी वाटीने काढून तुळशीला घालायचं.

दूध घालायला आलेल्या राहीबाईने बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आवं वैनी, ह्यो काय द्येव हाय व्हय, गळती लावायला?"

९ एप्रिल

पारा दोऱ्याच्या खाली! भर दुपारी! हे पेटीसमोर उकिडवे बसून लहान मुलासारखे हसत होते. म्हणाले, "शरयू, माझ्या एकाही पुस्तकात हे नव्हतं." राहीबाईने शेतातून गांडुळं आणली ती आज मी स्वतः, डोळे मिटून का होईना, चिमट्याने त्याला घातली. त्याने चटकन ओढून घेतलं तेव्हा मी किंचाळले. पण पहिल्या दिवसासारखी पळाले नाही, हेही लिहून ठेवते.

१५ एप्रिल

यांना काल ताप आला. उन्हातून चालत आले त्याने असेल. सुंठ-गवती चहा दिला.

१८ एप्रिल

ताप उतरत नाही. मिरजेचे डॉक्टर आणले. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, मुदतीचा ताप आहे. यावर औषध नाही, मुदत पुरी करूनच जाईल. पातळ पेज, डोक्यावर बर्फ, आणि वाट बघायची.

"जाईल ना?" मी विचारलं.

"बहुतेक जातो," ते म्हणाले.

बहुतेक! शेजारच्या गल्लीत याच तापाने गेल्या महिन्यात एक तरणी बाई गेली. सासूबाईंना वाईला तार केली आहे. मला फार भीती वाटते आहे. बाकी काही लिहिता येत नाही.

२१ एप्रिल

सासूबाई आल्या. येताना देवातला महादेवाचा बाण आणि त्याच्यावरचं तांब्याचं अभिषेकपात्र घेऊन आल्या. आल्याआल्या कोनाड्यात बाण मांडला, वर पात्र टांगलं आणि मुलासाठी गळती सुरू केली. मग त्यांचं लक्ष माझ्या गळतीकडे गेलं. "हे काय आहे?" मी सांगितलं. "देवाच्या खोलीत किडे खाणारं जनावर?" एवढंच बोलल्या आणि पदराने नाक झाकलं. मी पेटी पडवीत नेली.

आता दोन पारे बघत बसते. एक यांच्या काखेतला, एक पाण्यातला. कुठलाच वर जाऊ नये. बर्फ मोठ्या मिनतवारीने मिळतो, भुशात गुंडाळलेला एवढासा तुकडा. तो यांच्या डोक्याला लागतो. आज शुद्धीवर होते तेव्हा म्हणाले, "त्याला दे थोडा." मी म्हटलं, त्याची गळती छान चालली आहे, तुम्ही पडून राहा. खरंच छान चालली आहे. तुरे कसे फुलले आहेत. या घरात आज तोच एक धडधाकट आहे.

२३ एप्रिल

मी आज एक वेडेपणा केला. कोणाला सांगू नये असा, म्हणून इथे लिहिते.

दुपारी हे बरळायला लागले. मला ओळखेनात. "बाई, पाणी गार आहे, काळजी करू नका," असं त्या मडमबाईंना सांगत होते. सासूबाई जप करत होत्या. मी पडवीत जाऊन पेटीसमोर बसले आणि कोनाड्याकडे तोंड करून बोलून गेले, "देवा, एका बाईचं शेवटचं उरलेलं आहे हे. याला मी जगवते. तू माझं जगव."

बोलताना बरं वाटलं. मग भानावर आले. मी हे काय केलं? दोन जीव एकाच दोरीला बांधून ठेवले. आता याला काही झालं तर? बोललेलं परत घेता येतं का, हे कोणाला विचारू?

२४ एप्रिल

दुष्काळात तेरावा महिना. वात बदलताना मडक्याला भोकापासून तडा गेला आणि ते हातातच दुभंगलं. कुंभार बाजाराच्या दिवशीच येतो. घरात दुसरं मडकं म्हणजे प्यायच्या पाण्याचा माठ, त्याला कसं भोक पाडू? मी तिथेच मटकन बसून रडायला लागले. सासूबाईंना वाटलं आत काही झालं, त्या धावत आल्या. मग मी सगळं सांगून टाकलं, नवससुद्धा.

मला वाटलं रागावतील. त्या आत गेल्या. मग कोनाड्यातलं अभिषेकपात्र सोडलं आणि माझ्या हातात दिलं. "हे टांग. तांब्यातलं पाणी शुद्ध. देवावर मी हाताने धार धरीन. मुका जीव आहे, त्याचा आत्मा निवू दे."

किती मोठ्या मनाच्या आहेत. मी त्यांना आजवर उगाच भ्याले. पात्र चिंच-मीठ लावून लख्ख घासलं आणि पेटीवर टांगलं. आता तुरेवाल्यावर देवाचीच गळती आहे. आज बऱ्याच दिवसांनी दोन घास पोटात गेले.

२६ एप्रिल

यांचा ताप तसाच. तुरेवाल्याने आज गांडूळ घेतलं नाही. पारा दोऱ्याच्या थोडा वर आहे, मातीच्या मडक्याइतकं हे पाझरत नाही ना. पण शुद्ध आहे. रोज सकाळी पात्र चिंचेने घासते, आतूनसुद्धा. भोकाभोवती हिरवट डाग धरतो, तो निघेपर्यंत घासते.

डोकं ठिकाणावर नाही. सासूबाईंचं ताक आज तांब्यातच ओतून ठेवलं. त्या ओरडल्या, "अगं, तांब्याच्या भांड्यात ताक? कळकेल ना! विष होतं त्याचं. लक्ष कुठे आहे तुझं?" ताक ओतून दिलं. लक्ष कुठे असणार, एक यांच्यात आणि एक त्याच्यात.

२८ एप्रिल

तुरे आक्रसले आहेत. गुलाबी होते ते राखेच्या रंगाचे झाले. अंगावरून पांढरा पापुद्रा सुटतो आहे. मधूनच सगळं अंग झटकतो, जसं काही चावतंय. हे ऊनच त्याला खातंय. आणि आत हेही बरळताहेत. जसा हा तसे ते. मी म्हणत होते तेच झालं, दोघे एका दोरीला आहेत.

वात सैल केली. आता थेंब नाही, बारीक धारच पडते. जितकं जास्त देवाचं पाणी त्याला मिळेल तितकं बरं.

अजून एक लिहायचं आहे. दुपारी यांच्या डोक्यावरच्या पिशवीतला बर्फाचा एक तुकडा मी काढला आणि पेटीत टाकला. नवऱ्याच्या कपाळावरचा बर्फ! सासूबाईंचा डोळा लागला होता. मला वाटलं, तो वाचला तर हे वाचतील. मग लगेच वाटलं, त्या एवढ्याशा बर्फावाचून यांचा ताप चढला तर? काखेत पारा लावून पुन्हा पुन्हा बघत बसले. माझ्यासारखी अभागी कोणी नसेल.

राहीबाई म्हणाली, "वैनी, ह्येच्या तोंडावरचं हसू तेवडं हाय तसंच हाय बगा." मी म्हटलं, आता काही बोलू नकोस.

३० एप्रिल

तुरेवाला गेला. सकाळी पात्र घासून वर टांगलं तेव्हा तो उताणा होता.

मी ओरडलेसुद्धा नाही. त्याला हातांनी बाहेर काढलं. पहिल्यांदाच हात लावला. गार होता आणि अगदी मऊ होता. राहीबाईने त्याला परसात पुरला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघींनीही त्याचं नाव काढलं नाही.

आता यांचं काय होणार ते मला ठाऊक आहे.

१ मे

यांच्या उशाशी बसून आहे. श्वास मोजते आहे. चुकतो असं वाटतं आणि पुन्हा येतो.

गळती तशीच चालू ठेवली आहे, रिकाम्या पाण्यावर. काढायचा धीर होत नाही. थेंबांचा आवाज यांना आत ऐकू येतो. थांबला तर विचारतील.

५ मे

पहाटे यांना दरदरून घाम आला आणि अंग गार पडलं. मी किंकाळी फोडली. मला वाटलं, संपलं. सासूबाईंनी काखेत पारा लावला आणि तो माझ्यापुढे धरला. ताप उतरला होता.

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, मुदत संपली, धोका टळला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी सगळ्यांबरोबर हसले. पण माझा विश्वास नाही. हा ताप उलटतो म्हणतात. देवाशी बोललेलं मी मोडलं आहे, तो काही विसरलेला नसेल.

८ मे

"तुरेवाला कसा आहे?" आज यांनी पहिला प्रश्न हाच विचारला. आवाज एवढासा झाला आहे. मी म्हटलं, छान आहे. "खातो ना?" खातो. "तुरे?" फुललेत. एकामागून एक खोटं. मला भीती अशी की खरं कळलं आणि त्या धक्क्याने ताप उलटला तर? हे शांत झोपले. मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

१२ मे

आज हे काठी टेकत टेकत पडवीपर्यंत गेले. मी आत भात वेळत होते. बाहेर आले तो पेटीसमोर उभे. पाणी स्वच्छ, आत कोणी नाही, वर पात्र लखलखतंय, थेंब पडतोय.

मला वाटलं कोसळतील. मी धावत जाऊन धरलं. हे पेटीकडे बघतच नव्हते. पात्राकडे बघत होते.

"हे कधी टांगलंस?"

मी सांगितलं. मडकं कसं फुटलं, सासूबाईंनी देवावरचं पात्र कसं काढून दिलं, मी रोज चिंचेने आतून बाहेरून कसं घासत होते, शेवटी धार कशी वाढवली. सगळं सांगितलं. "मी काही म्हणजे काही कमी केलं नाही हो," मी म्हटलं. हे काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नाही केलंस. मला दिसतंय." आणि खाली बसले. दमले होते.

तेवढ्यात यांच्या शाळेतले चिंतामणराव समाचाराला आले. रसायन शिकवतात. पेटी पाहून म्हणाले, "अरेरे, गेलं का ते? आणि विष्णुपंत, गळती तांब्याची? अहो, पाण्यातल्या जिवाला तांबं म्हणजे..."

"चिंतामणराव," हे एकदम म्हणाले, "मिरजेहून तुमचा तंबोरा आला का?"

"तंबोरा? तो कधीच आला. मी म्हणत होतो, त्या तांब्यातून..."

"भोपळा चांगला मिळाला का?"

चिंतामणरावांनी यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग भोपळ्याबद्दलच बोलत राहिले. चहा अर्धा टाकून उठले. आजारातून उठल्यापासून हे असे मध्येच माणसाला तोडतात. पूर्वी असे नव्हते.

१३ मे

काल रात्री मला झोप आली नाही आणि आज सकाळी धीर सुटला. यांच्या पायाशी बसून नवसाचं सांगितलं. बर्फाचंसुद्धा. "मी तुम्हा दोघांना एका दोरीला बांधलं होतं," मी म्हटलं, "आणि तो गेला. आता तुम्हाला काही झालं तर ते माझ्यामुळे. मी रोज सकाळी तुमच्या अंगाला हात लावून बघते. मला जगवत नाही हो या भीतीने."

हे शास्त्राचे मास्तर, ग्रहणातसुद्धा खुशाल जेवणारे. मला वाटलं आता हसतील, नाहीतर रागावतील.

"शरयू," हे म्हणाले, "अगं, तो माझ्यावरचं घेऊन गेला."

मी बघतच राहिले. "तुम्ही असं म्हणता?"

"मी म्हणतो. तो गेला आणि मग माझा ताप उतरला, नाही का? तू आमच्या दोघांत दोरी बांधलीस म्हणून तर त्याला ते घेता आलं. नवस फळला तुझा. मोडला नाही."

माझ्या छातीवरचा दगड कोणी उचलून ठेवावा तसं झालं. मी हे मनात आणलंच नव्हतं! सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी तिथूनच हात जोडले. मडमबाईंचं काय, मी विचारलं. म्हणाले, "त्यांना मी कळवीन. माझ्या हातून हलगर्जी झाली असं कळवीन." मी भांडले. तुम्ही अंथरुणावर होतात, तुमची कसली हलगर्जी? पण या बाबतीत यांनी माझं ऐकलं नाही.

मग मी पात्र उतरवायला गेले. तळाशी तांब्याभर पाणी शिल्लक होतं, ते तुळशीला घालायला निघाले तर यांनी हाक मारली. "ते मला दे."

तीर्थ हातावर घेऊन नुसतं केसांना पुसणारे हे! मी पेला भरून दिला. यांनी पेल्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "या पाण्याने वाचलो मी," म्हणाले, आणि पेला तोंडाला लावून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

रिकामा पेला परत देताना यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. डॉक्टर म्हणालेच होते, अशक्तपणा अजून महिनाभर राहील.